ब्याऐंशी अंशांची झडप

तापमानाच्या तबकडीवरचा काटा निळ्या रेषेच्या दोन केस वर येऊन थांबला होता. इंजिन सुरू होऊन नऊ मिनिटं झाली होती. एवढ्या वेळात काटा तबकडीच्या मधोमध यायला हवा होता, आणि एकदा आला की कितीही चढ लागला तरी तिथून हलायला नको होता. बेनिल्दाने घड्याळ पाहिलं, पुन्हा काटा पाहिला. तो थरथरतसुद्धा नव्हता.

“डोळे वटारून काटा वर येत असता ना, तर गुरुवारी मीच आणला असता,” मागून मानांग फानिया म्हणाली.

फानिया पाकावच्या आरोग्य केंद्रातली सुईण; तिच्याहून लहान सगळे तिला मानांग, म्हणजे ताई म्हणत. सत्तावीस वर्षांत या डोंगरावरची निम्मी पोरं तिच्या हातावर जन्मली होती, आणि त्या हक्काने ती कुणालाही काहीही बोलत असे. आत्ता ती रुग्णाच्या बाकावर, जाकिटाच्या बाह्यांत हात खुपसून बसली होती. जानेवारी होता. सकाळी कोबीच्या वाफ्यांवर दहिवर गोठून पांढरं झालं होतं; दहा वाजत आले तरी गॅरेजसमोरच्या गवतात, जिथे ऊन पोचत नव्हतं तिथे, ते अजून टिकून होतं.

“हीटर लाव, मानोंग,” बेनिल्दा म्हणाली.

“लावलाय की,” स्टिअरिंगवरचा देन्सियो म्हणाला. तो रुग्णवाहिकेचा चालक; तिच्याहून मोठा, म्हणून ती त्याला मानोंग, दादा म्हणे. “पूर्ण लावलाय. हात धर समोर.”

तिने जाळीसमोर तळहात धरला. वारा जोरात येत होता आणि गार होता.

“हेच वारं त्या पोराच्या तोंडावर,” फानियाचा आवाज चढला. “सातव्या महिन्यातच जन्मलेलं पोर. दोन किलोसुद्धा नाही. हा म्हणतो, मानांग, हीटर लावतो, आणि समोरून हे! शेवटी जाळीत त्याच्या आईची चादर कोंबली. पोर माझ्या ब्लाउजच्या आत घातलं, कातडीला कातडी लावून. खाली इस्पितळात पोचलो तेव्हा अंग चौतीस पॉइंट एक. तिथला मिशी न फुटलेला डॉक्टर मला विचारतो, याला बर्फातून आणलंत का? पोर म्हणजे काय कोबी आहे, गारठ्यात ठेवलं की ताजं राहील?”

“आता कसं आहे?”

“काचेच्या पेटीत आहे. अंग तापलंय, पण अजून दूध ओढत नाही.” फानिया जरा थांबली. “आणि वरच्या वस्तीत जुळ्यांची बाई बसलीय. या आठवड्यातली. गाडी हीच. दुसरी कुठून आणू?”

“परत येतानाचं सांगा ना तिला,” देन्सियो म्हणाला. “रिकामी गाडी, नुसता मी आणि मानांग. चढाला लागलो आणि काटा लालमध्ये. वाफ अशी, की मागचा बसवाला मला आगीचा बंब बोलवू का विचारत होता. उतरताना बर्फ, चढताना रस्सा! वेड लागलंय या गाडीला.”

“गाडीला वेड लागत नाही,” बेनिल्दा म्हणाली.

ती उतरली आणि तिने इंजिनावरचं झाकण उचललं. सकाळी इंजिन थंड असतानाच तिने रेडिएटरचं झाकण काढून पाहिलं होतं. पाणी काठोकाठ होतं. आता तिने हीटरकडे जाणारे दोन पाइप दोन मुठींत धरले. एक गरम आणि एक गार लागला असता तर आत काहीतरी तुंबलंय असं म्हणता आलं असतं. दोन्ही सारखेच कोमट होते. म्हणजे पाणी फिरत होतं, हीटरचा काही दोष नव्हता. पाणीच तापत नव्हतं.

मग तिने रेडिएटरच्या पाइपवर हात ठेवला.

तोही कोमट होता. इंजिनाइतकाच. तो असा असायला नको होता. इंजिन आणि रेडिएटर यांच्यामध्ये एक झडप असते, मुठीत मावेल एवढी. इंजिन गार असेपर्यंत ती बंद राहते; पाणी इंजिनात आणि हीटरमध्येच फिरून तापतं, आणि रेडिएटरकडचा पाइप गार राहतो. पाणी ब्याऐंशी अंशांना आलं की झडप उघडते आणि तो पाइप एकाएकी चटका देतो. इथे तो पहिल्या मिनिटापासून इंजिनाबरोबर हळूहळू कोमट होत आला होता. झडप उघडी अडकली होती, किंवा नव्हतीच.

अडकली असू दे, असं तिला वाटलं. नवी वस्तू महिन्यात बिघडली असेल. आपण घेताना फसलो असू. तेवढं एक झालं असू दे.

कारण ती झडप तिनेच बसवली होती. मागच्या महिन्यात, स्वतःच्या हाताने. ही व्हॅन जपानहून जुनी म्हणून आलेली. कुणीतरी तिचं स्टिअरिंग उजवीकडून डावीकडे आणताना हीटरचे पाइप कापून एकमेकांना जोडून टाकले होते. गरम देशात हीटर कशाला, असं त्या माणसाला वाटलं असणार. सारा देश म्हणजे समुद्रकिनाराच, असं मानणाऱ्यांचा बेनिल्दाला फार संताप येई. तिने दोन दिवस खपून पाइप पुन्हा जागेवर आणले होते, आणि झडपेचं घर रिकामं दिसलं तेव्हा नवी झडप घातली होती.

“मागच्या महिन्यात हीटर चालत होता ना, मानोंग?”

“चालत म्हणजे? जाळीसमोर भात ठेवला असता तर शिजला असता.”

“मग बंद कधी पडला?”

देन्सियोने टोपी मागे सरकवली. “असतील आठ-दहा दिवस.”

तिने इंजिन बंद केलं, ते गार होईपर्यंत थांबली. फानिया तेवढ्यात दोनदा घड्याळ पाहून झाली. मग बेनिल्दाने खाली घमेलं लावून पाणी सोडलं आणि झडपेच्या घराचे तिन्ही बोल्ट काढले. झाकण निघालं. तिने बोट आत घातलं. बोटाला गोल, गुळगुळीत, ओला लोखंडी काठ लागला. बाकी काही नाही.

“काय आहे?” फानियाने विचारलं.

“काही नाही.”

“काही नाही म्हणजे बरं की वाईट?”

“काही नाहीये आत, मानांग. झडप काढलीय कुणीतरी.” तिचा आवाज तिलाच परका वाटला. “मधे गाडी दुसरीकडे कुठे दाखवली होती, मानोंग?”

“छे! दुसरीकडे कशाला?” देन्सियोला वाईट वाटलं. “तुमच्याकडेच आणली होती की. त्या रविवारी तू लग्नाला गेली होतीस ना, तेव्हा. तेल बदलायला. तुझे वडील होते, माएस्त्रो. म्हणाले, आणलीच आहेस तर जरा बघून देतो.”

बेनिल्दा उठून गॅरेजच्या मागच्या भिंतीकडे गेली. तिथे खिळ्याला एक तार बांधलेली होती, आणि तारेत सुक्या मासळीसारख्या झडपा ओवलेल्या होत्या. तिच्या वडिलांनी आयुष्यभरात काढलेल्या, काळ्या, हिरव्या पडलेल्या. सगळ्यात पुढची पितळेसारखी चकचकत होती. तिच्या कडेवर तिने स्वतः कोरून लिहिलेली महिन्याची खूण होती.

तिला ओरडावंसं वाटलं. ती ओरडली नाही. चार वर्षं ती ओरडली नव्हती, आणि आता तिला कळत होतं की सगळ्यात मोठी चूक तीच होती.

चार वर्षांपूर्वी तिला पहिल्यांदा दिसलं. शाळेची पोरं नेणाऱ्या लांब जीपच्या, जीपनीच्या, ब्रेकचा नट वडिलांनी नुसता हाताने फिरवून सोडला होता, पाना लावायचं विसरून. ते जेवायला गेल्यावर तिने तो घट्ट केला आणि त्यांना सांगितलं नाही. मग दुसरं काही, मग तिसरं. दुपारी ते घरी गेले की ती त्यांचं सकाळचं काम उघडायची, तपासायची, नीट करून पुन्हा झाकून ठेवायची. त्यांची अक्षरं गिरवणाऱ्या मुलासारखी. बाहेर नाव त्यांचं होतं: माएस्त्रो एलिहियो, उस्ताद, खालच्या शहरातूनसुद्धा लोक ज्यांच्याकडे गाड्या आणतात ते. एक वाक्य ती चार वर्षं तोंडात घोळवत होती. मोठ्या सणानंतर बोलू. पाऊस संपला की बोलू. त्यांचा गुडघा बरा झाला की बोलू.

“कोण मेलंय? अशी तोंडं का?”

वडील समोरच्या खानावळीतून कॉफी पिऊन परतले होते. सत्त्याहत्तर वर्षांचे, ताठ, धुतलेला निळा डगला, छातीच्या खिशात दोन छोटे पाने. फानियाला पाहून त्यांनी टोपी काढली.

“माएस्त्रो,” फानियाने आधीच तोंड उघडलं, “तुमच्या गॅरेजने माझं पोर मारलं असतं.”

“आमच्या गॅरेजने?”

बेनिल्दाने झडप पुढे धरली. “ही तुम्ही काढलीत, तातांग?”

“हो.” त्यांनी ती ओळखली आणि ते खूश झाले. “बघ, म्हटलं होतं ना देन्सियोला! बागियो शहरातल्या कुणा शहाण्याने घातली असणार. पुस्तकं वाचून गाड्या दुरुस्त करतात. बर्फाळ देशातली गोष्ट ही, आपल्याकडे काय काम तिचं? काढली ते बरं झालं, नाहीतर चढावर इंजिन गेलं असतं.”

“चढावरच उकळली ती. आणि उतारावर गार पडली.”

“झडप काढली म्हणून गाडी कशी तापेल? उलट मोकळं पाणी—”

“मोकळं नाही, तातांग.” तिने झडप उलटी केली. “खाली ही दुसरी चकती बघा. वरची रेडिएटरचा रस्ता उघडते, तेव्हा ही खालची जवळचा रस्ता बंद करते. झडपच नसली की दोन्ही रस्ते कायम उघडे. मग निम्मं गरम पाणी रेडिएटरला तोंड न दाखवताच परत इंजिनात येतं. सपाटीला चालून जातं. चढाला उकळतं. आणि थंडीत उताराला सगळं पाणी गार, मग हीटर कशाने तापणार? एकाच गोष्टीने दोन्ही होतं.”

“रस्सा आणि बर्फ,” देन्सियो पुटपुटला.

“पुस्तक,” वडील म्हणाले.

मग तिने चहाची शेगडी पेटवली. पातेल्यात पाणी ठेवलं, झडप दोरीला बांधून त्यात सोडली आणि शेजारी काचेचा थर्मामीटर. तो प्रयोगशाळेतला होता; आई गेल्यावर पदार्थविज्ञानाच्या दुसऱ्या वर्षातून ती डोंगरावर परत आली तेव्हा कॉलेजला द्यायचा राहून गेला होता. चौघं पातेल्याभोवती उभे राहिले. सत्तर झाले. झडप मिटलेली होती. पंचाहत्तर. ऐंशी. वाफेने वडिलांचा चष्मा धुरकट झाला, तो त्यांनी पुसला नाही. ब्याऐंशीला चकती केसभर हलली. पंच्याऐंशीला तिच्याखालून उजेड दिसला. इतक्या उंचीवर पाणी ब्याण्णवलाच उकळू लागतं. तोवर ती पूर्ण उघडली होती. बेनिल्दाने पातेलं उतरवलं. पाणी निवत गेलं तशी झडप मिटत गेली, घाई न करता.

“पातेल्यात उघडते,” वडील म्हणाले. त्यांचा आवाज बदलला होता. “पातेल्याला चढ नसतो. एकोणऐंशी साली भाजीच्या ट्रकात अशीच अडकली होती, बंद. चढाच्या मध्यावर इंजिन जाम झालं. पासिगन खाली उतरला होता, मागच्या चाकाला दगड लावायला. तेव्हापासून मी एका गाडीत ही ठेवली नाही. एकाही नाही.”

पासिगन त्यांचा धाकटा भाऊ. ही गोष्ट पाकावमध्ये सगळ्यांना ठाऊक होती, आणि इथपर्यंत आली की सगळे गप्प होत. आजही झाले. बेनिल्दा लहानपणापासून इथे गप्प होत आली होती.

“काका गेले त्याचं मला वाईट वाटत नाही असं नाही,” ती म्हणाली. “पण ती एक झडप होती, तातांग. तिच्यापायी तुम्ही पंचेचाळीस वर्षं दिसेल त्या झडपेला फाशी देत आलात. आणि ही बागियोच्या शहाण्याने नाही बसवलेली. मी बसवली होती.”

“तू?” ते तिच्याकडे बघत राहिले. “मला सांगितलं नाहीस.”

“नाही.”

“म्हणजे मला नीट कळू दे,” फानिया दोघांच्या मध्ये आली. तिचे गाल लाल झाले होते. “हिने चोरून घातली. तुम्ही चोरून काढली—”

“चोरून नाही. माझं गॅरेज आहे.”

“ते तुमचं तुम्ही बघा! तुमच्या बापलेकीच्या लपंडावात माझं पोर चौतीसवर आलं. आणि बेनिल, तू तर शिकलेली. तोंड कशाला दिलंय देवाने? पाना धरायला?”

बेनिल्दाला तिचा राग आला नाही. जे चार वर्षं कुणीतरी बोलायला हवं होतं ते ती बोलत होती. राग वडिलांचा येत होता, त्यांच्या धुतलेल्या डगल्याचा, त्यांच्या ताठ पाठीचा; आणि त्याहून जास्त स्वतःचा.

“ही एकच नाही, मानांग,” ती म्हणाली. आता थांबता येत नव्हतं. “शाळेच्या जीपनीचा ब्रेक सुटा होता. पाद्रींच्या गाडीचं चाक. त्या सायोते-भाजीवाल्याच्या ट्रकात तेल भरायचंच राहिलं होतं. तातांग जेवायला गेले की मी सगळं उघडून पुन्हा करते. चार वर्षं झाली.”

देन्सियोने जमिनीकडे पाहिलं. खानावळीच्या दारात दोन माणसं उभी होती, ती आत गेली.

वडील खिशातला फडका काढून बोटं पुसू लागले. एकेक बोट, नखापासून मुळापर्यंत. बोटं स्वच्छच होती.

“किती गाड्या?” त्यांनी विचारलं.

“मोजल्या नाहीत.”

हे खरं होतं. प्रत्येक गोष्ट मोजणाऱ्या बाईने ही एक मोजली नव्हती.

मग त्यांनी फडक्याची नीट घडी घातली आणि हात पुढे केला. “आण ती झडप.”

“कशाला?”

“बसवतो. तू म्हणतेस तर असेल बरोबर. माझ्या हाताने निघाली, माझ्याच हाताने बसू दे.” त्यांनी फानियाकडे पाहिलं. “तुझ्या जुळ्यांच्या बाईला गरम नेऊ, मानांग.” ती त्यांच्यापेक्षा वीस वर्षांनी लहान होती, त्यांनी आजवर तिला कधी मानांग म्हटलं नव्हतं.

फानियाचा राग ओसरताना दिसला. “बसवू दे गं त्यांना,” ती हळूच म्हणाली. “कळलंय आता. किती ताणशील?”

बेनिल्दाने झडप त्यांच्या तळहातावर ठेवली. त्यांनी ती फुंकून पुसली, तिच्यातल्या हवेच्या बारीक भोकाची बाजू बरोबर वर केली, सांध्यात गॅस्केट लावलं. इथपर्यंत त्यांचे हात जुन्यासारखे होते आणि तिला क्षणभर वाटलं, झालं, संपलं. मग त्यांनी पहिला बोल्ट उचलला. तो झाकणाच्या भोकाभोवती हिंडत राहिला. दोनदा पडला. देन्सियो उचलून द्यायला वाकला, पण ते स्वतःच खाली बसले, गुडघ्यावर हात टेकून उठले. तिसऱ्यांदा बोल्ट आत गेला आणि दीड आट्यात अडला.

नीट बसलेला बोल्ट पाच आटे नुसत्या बोटांनी जातो. जात नसेल तर काढायचा, जोर करायचा नाही. हे तिला त्यांनीच शिकवलं होतं. तेव्हा तिचा हात इंजिनापर्यंत पोचावा म्हणून तिला खोक्यावर उभं करावं लागे.

त्यांनी खिशातून पाना काढला आणि त्यावर भार टाकला. धातू करकरला.

फानियाने मान फिरवली. देन्सियो टोपीशी चाळा करू लागला. पुढचं सगळं बेनिल्दाला पाठ होतं. छान झालं, तातांग, म्हणायचं. ते दुपारी जेवायला गेले की तिरका बोल्ट काढायचा, आटे साफ करायचे, नवा लावायचा, पाणी भरायचं, हवा काढायची. तीन वाजेपर्यंत गाडी तयार. जुळ्यांची बाई गरम जाईल, तातांगांची मान ताठ राहील, आणि कुणालाच काही म्हणायला जागा उरणार नाही. पुढच्या तिरक्या बोल्टापर्यंत.

तिने पाना धरला. त्यांच्या मुठीसकट धरला.

“तातांग, सोडा.”

“बसतोय, पोरी. जरासाच राहिलाय—”

“सोडा.”

त्यांनी तिच्याकडे पाहिलं. मूठ एकदा आवळली आणि मग सैल झाली. पाना तिच्या हातात आला; त्यांच्या मुठीने तो कोमट झाला होता. तिने आवाज चढवला नाही, पण खालीही आणला नाही.

“आजपासून तुम्ही कुठलंही इंजिन उघडायचं नाही, तातांग.”